हिरवा-पांढरा डाव

मंडळी, आज थोडं लांब लिहितोय. विषय पत्त्यांचा आहे. पत्ते म्हटलं की आपल्या वऱ्हाडात एकच चित्र डोळ्यापुढे येते, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा, मग काय म्हणायचं ते म्हणा.

वीस-बावीस वर्षं तालुक्याची पत्रकारिता केली. या काळात मी सगळ्यात जास्त वेळा कोणती बातमी लिहिली असेल, तर ती "जुगार अड्ड्यावर छापा" ही. तिचा साचा ठरलेला. गुप्त माहितीवरून छापा, अमुक जण रंगेहाथ, रोख, मोबाईल, मोटारसायकली, बावन्न ताशपत्ते असा मुद्देमाल जप्त, महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा. शेवटी नावं आणि वयं. कायदा मूळचा १८८७ चा, म्हणजे आपल्या आजोबांच्या आधीचा. पोळ्याच्या आठवड्यात तर अशा बातम्या रोज. इकडे बैलाच्या शिंगाला बेगड, तिकडे झाडाखाली तीन पत्ती. पोलिसांचं प्रेसनोट आलं की पंधरा मिनिटांत टाइप करून पाठवायची. त्या बातमीला कधी दुसरी बाजू विचारावी लागत नाही.

तर या दिवाळीत आमच्या शेजारच्या काकाजींचा फोन आला. मी तेव्हा अकोल्याला होतो.

"भाऊ, तुमच्या ओसरीवर चार पोट्टे पत्ते कुटून रायले. दिवसाढवळ्या. म्हटलं तुमाले सांगावं, उद्या तुमचीच बातमी व्हायची."

काकाजी हसले. मले काही हसू आलं नाही.

घरी आलो. आमचा पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत आलेला. त्याच्यासोबत इथले त्याचे अकरावी-बारावीचे तीन मित्र. मध्ये सतरंजी, सतरंजीवर पत्ते. मी काही बोलायच्या आत पोरगा म्हणाला, "बाबा, पैसे नाहीत यात. आधी बसा."

बसलो. पत्रकाराला कुतूहल मारते.

पत्ते वेगळेच होते. प्रत्येकावर चित्र, खाली बारीक अक्षरात मजकूर. पोराने सांगितलं ते असं. खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने बनवला, १९९३ मध्ये बाजारात आला. यात सगळ्यांसाठी एक सामाईक कॅट नसतो. हजारो पत्त्यांतून प्रत्येकाने आपला गठ्ठा आधी घरी बसून बांधायचा आणि मग खेळायला यायचं. त्या गठ्ठ्याला म्हणायचं डेक. म्हणजे अर्धा खेळ वाटण्याच्या आधीच झालेला असतो.

पत्त्यांचे रंग पाच. पांढरा म्हणजे शिस्त, कायदा, समूह. निळा म्हणजे बुद्धी आणि चलाखी. काळा म्हणजे महत्त्वाकांक्षा, काही करून जिंकायचं. लाल म्हणजे राग, जोश. हिरवा म्हणजे वाढ, निसर्ग. प्रत्येक रंगाची आपली जमीन असते आणि जमिनीतून शक्ती मिळते. ती शक्ती खर्च करून बाकीचे पत्ते खेळायचे. पोट्टे जमिनीच्या पत्त्याला 'वावर' म्हणत होते. "माह्याकडे तीन वावरं हायेत," असं ऐकलं आणि म्हटलं, हे तर सातबाऱ्याचंच बोलणं झालं.

ते खेळत होते तो प्रकार 'कमांडर'. साधारण चौघांचा. १९९० च्या दशकात अलास्कातल्या हौशी खेळाडूंनी सुरू केला, २०११ पासून कंपनीने स्वतः त्याचे तयार डेक काढले. नियम मले फार आवडले. डेक बरोबर १०० पत्त्यांचा. त्यात एक म्होरक्या, तो सगळ्यांना दिसेल असा बाजूला मांडलेला. बाकी ९९ पत्ते प्रत्येकी एकच, एक पत्ता दोनदा चालत नाही. फक्त साध्या जमिनी कितीही. आणि म्होरक्या ज्या रंगांचा, त्याच्या बाहेरचा रंग डेकमध्ये घ्यायचाच नाही. प्रत्येकाचा जीव ४० गुणांचा. शेवटी जो उरला तो जिंकला.

चौघांत तिघांकडे आपापले डेक होते. माझ्या पोराचा निळा-काळा. किराणावाल्याच्या पोराचा लाल-पांढरा. ज्याचे आजोबा सतरंज्या विणायचे त्या पोराचा काळा-हिरवा. इथे कोणाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. त्यांच्या डेकच्या रंगावरूनच ओळखा.

चौथा पोरगा जवळच्या खेड्यातला. त्याच्याकडे डेक नव्हता, माझ्या पोराचा जादाचा घेऊन खेळत होता. तयार डेकची किंमत मी विचारली आणि पुन्हा विचारली नाही. चौथा म्हणाला, "काका, मले माह्या मनाचा बांधायचा हाय. तुमच्याकडे प्रिंटर हाय ना?"

खऱ्या पत्त्याऐवजी छापलेली चिठ्ठी वापरून घरगुती खेळात काम भागवतात. मोठ्या स्पर्धेत ते चालत नाही, ओसरीवर चालते.

"कसा बांधायचा?" मी विचारलं.

"कपाशीसारखा."

मले कळलं नाही. तो म्हणाला, "हिरवा अन् पांढरा. आता दिवाळीत वावर कसं दिसते? खाली हिरवं, वर पांढरं."

याला ते पोट्टे 'थीम' म्हणतात. ताकद नंतर पाहायची, आधी डेकची एक गोष्ट ठरवायची आणि त्या गोष्टीत बसतील तेच पत्ते घ्यायचे. हे काही परदेशातूनच आलं असं नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा हेच तर आहे. गोल, रंगवलेले १२० पत्ते. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. सावंतवाडीच्या राजघराण्याने ती कला मरता मरता वाचवली. आपल्याकडे पत्त्यांवर मत्स्य, कूर्म, वराह होते, तेव्हा पत्ते म्हणजे लगेच प्रेसनोट नव्हतं.

चार दिवस रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तो डेक बांधला. त्यात मी काय शिकलो ते सांगतो, कारण यातच आजच्या पोस्टचा अर्धा विषय आहे.

पहिलं म्हणजे दोनच रंग का? मी म्हटलं, पाचही घे, सगळं मिळेल. पोट्टे हसले. रंग जितके जास्त, तितकी चुकीची जमीन हातात यायची भीती जास्त. हातात लाल पत्ता आणि पुढ्यात हिरवं वावर, मग बसा पाहत. एकच रंग घेतला तर अडचण होत नाही, पण त्या रंगाची जी कमजोरी, ती तुमची कमजोरी. हिरवा भराभर जमिनी काढतो, मोठे प्राणी आणतो, पण समोरच्याचा पत्ता थेट उडवायला कच्चा. पांढरा समोरच्याचा बंदोबस्त नीट करतो, लहान लहान माणसं गोळा करतो, पण जमीन वाढवायला मागे. दोघं एकत्र आले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो. जोडी निवडताना दोन बलवान रंग पाहायचे नाहीत, ज्यांची उणी वेगवेगळी आहेत असे दोन पाहायचे.

दुसरं, म्होरक्या कोण? हिरव्या-पांढऱ्यात मोठमोठे होते. या पोराने निवडली एमारा. २०१८ मध्ये आलेला पत्ता, 'एमारा, सोल ऑफ द अकॉर्ड'. अर्थ साधारण सलोख्याचा आत्मा. दोन जमिनींत उतरते, ताकद दोनच. पण तिचं वैशिष्ट्य असं की ती कामाला गेली, म्हणजे पत्ता आडवा केला, की प्रत्येक वेळी एक लहान शिपाई तयार होतो. शिपायाला पत्ता नसतो, काहीतरी खूण ठेवायची. याला टोकन म्हणतात.

मग त्याने 'कॉनव्होक' नावाचा गुण असलेले पत्ते वेचून काढले. मोठा पत्ता खेळायला जमीन कमी पडत असेल तर आपली माणसं आडवी करायची, प्रत्येकाने एकेक वाटा उचलायचा. मी म्हटलं, अरे, ही तर सावड! आज तुझ्या वावरात आम्ही, उद्या आमच्या वावरात तू. तो म्हणाला, "म्हणूनच घेतले ना काका." आणि एमारा सावडीला गेली की येताना एक माणूस वाढवून येते. थीम जमली ती इथे.

तिसरं, मोजमाप. उत्साहात त्याने १४० पत्ते निवडले होते. पोराने गणित घातलं. म्होरक्या १. वावरं ३७, त्यात १६ हिरवी, १५ पांढरी, ६ दोन्ही रंग देणारी. वावर लवकर वाढवणारे १०. हातात नवे पत्ते आणणारे १०. समोरच्याचा एखादा पत्ता उडवणारे ८. सगळा पट साफ करणारे ३. झाले ६९. उरले ३१. तुमची जी काय थीम, जी काय हौस, ती या ३१ मध्ये.

मले पत्रकारितेचा डिप्लोमा करतानाचे सर आठवले. चारशे शब्दांची बातमी दीडशेत बसवायला लावायचे. कापताना आवडतं वाक्य आधी जाते. इथेही तेच. एक भलामोठा प्राणी होता, त्याला फार आवडलेला. तीनदा ठेवला, तीनदा काढला. शेवटी म्हणाला, "हा चांगला हाय, पण याले सावडीची गरज नाई. हा एकटाच पुरतो. काढा." मी नगरपालिकेचं बजेट बरीच वर्षं ऐकत आलोय. शंभरातले एकोणसत्तर आधी रोजच्या गरजेला ठेवून उरलेल्यात हौस भागवायची, हे मी त्या ओसरीवर पहिल्यांदा पाहिलं.

एका पत्त्यावर मात्र वाद झाला. 'आवर ऑफ रेकनिंग', म्हणजे हिशेबाची घटका. हा खेळला की पटावरचे सगळे प्राणी मरतात, फक्त टोकन वाचतात. मोठे, महाग, नावाजलेले सगळे जातात आणि बिनपत्त्याचे लहान उरतात. आपली एमाराही जाते. ती बाजूला परत येते आणि पुन्हा उतरवायला दरवेळी दोन जास्त मोजावे लागतात. माझा पोरगा म्हणाला, स्वतःचा म्होरक्या मारणारा पत्ता कशाला? चौथा म्हणाला, "असू दे."

चिठ्ठ्या छापल्या. चिठ्ठीला पाठ हवी, नाहीतर पारदर्शक कव्हरात वाकते. घरात एकाच पाठीचे दोन जुने कॅट होते. ५२ दुणे १०४. शंभर लागले, चार उरले. पुढे एमारा, मागे बदाम सत्ती. टोकन म्हणून काय? कोणी चिंचोके म्हटलं, कोणी तुरीचे दाणे. तो दुसऱ्या दिवशी खिशातून मूठभर सरकी घेऊन आला. कपाशीच्या डेकमध्ये शिपाई सरकीचे. दाणा आडवा करता येत नाही, म्हणून कामाला गेलेला दाणा डावीकडे सरकवायचा, असं ठरलं.

त्या दिवशी काकाजी आले, ओसरीवर टेकले. म्हणाले, "हिरवा-पांढराच कायले घेतला रे? तो तं पाकिस्तानचा झेंडा."

ओसरी एकदम शांत झाली. काळ्या-हिरव्याने मान खाली घातली. मले काय बोलावं सुचेना. अकोला इथून २५-३० किलोमीटर. मे २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून तिथे जे झालं, एकाचा जीव गेला, संचारबंदी लागली, ते या पोरांनी जाणत्या वयात पाहिलंय. रंगाचं नाव घेतलं की ओसरी अशी शांत होते, याला आपण सगळेच थोडे थोडे जबाबदार आहोत. मीसुद्धा, कारण त्या शांततेच्या बातम्या मी देत नाही.

चौथा मात्र सहज म्हणाला, "काकाजी, तुमच्या वावरात या साली काय पेरलं?"

"कपाशी."

"तिचा रंग कोणता हाय?"

काकाजी क्षणभर थांबले, मग खो खो हसले. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, "हरलो बाप्पा." आणि काळ्या-हिरव्याच्या पाठीवर थाप मारून गेले.

दुसऱ्या दिवसापासून चौथा आला नाही.

दोन दिवस गेले. माझा पोरगा म्हणाला, त्याच्या आईने बंद केलं. मले वाटलं काकाजींचं बोलणं लागलं असेल. पोरगा म्हणाला, "नाही बाबा. त्याने डेक घरी नेला होता. त्यांनी मागची बाजू पाहिली."

मी गाडी काढली. म्हटलं, समजावून सांगतो, पेपरवाला माणूस आहे, ऐकतील. घर गावाच्या कडेला, दारात वेचलेल्या कापसाची गंजी. मी नाव सांगितलं. ताईंनी पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "वळखते मी तुमाले भाऊ. तुमच्याच पेपरात आलतं."

सात वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, छापा. सात जण. त्यातलं पाचवं नाव यांच्या घरातलं. वयासकट, गावासकट. मी टाइप केलेलं.

मले ते नाव आठवत नव्हतं. खरं सांगतो, सातातलं एकही आठवत नव्हतं.

"ते खेळत होते का पाहत बसले होते, मले माहीत नाई. मी काई बाजू घेत नाई. पण पेपर पारावर वाचला लोकायनं. मग ते पारावर बसले नाईत. मग गावातच राहिले नाईत. पुण्याकडे वॉचमन हायेत. पुढे कोर्टातून सातही जण सुटले. ते आलं का हो तुमच्या पेपरात?"

नव्हतं आलं. छाप्याचं प्रेसनोट येते. सुटल्याचं प्रेसनोट येत नाही, आणि मी विचारायला गेलो नव्हतो.

मी खेळाचं समजावून सांगायला तोंड उघडलं. पाच रंग, कमांडर, पैसे नाहीत. त्यांनी गठ्ठ्यातला एक पत्ता काढला, उलटा केला, माझ्यापुढे ठेवला. "मागून तं हेच हाय ना भाऊ?"

खरंच होतं. मागून तेच होतं.

मी म्हटलं, "ताई, मागचं बदललं तर?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पैसा नाई. मोबाईल नाई. अन् दिवे लागणीले घरी."

आमच्या घरी लग्नपत्रिकांचा ढीग असतो. पत्रकाराला सगळे बोलावतात. चांगले जाड पुठ्ठे. त्या रात्री चौघांनी मिळून पत्रिका कापल्या, मापात शंभर तुकडे. पण नियम असा की सगळ्या पत्त्यांची पाठ एकसारखी हवी, नाहीतर खुणेचे पत्ते होतात. म्हणून प्रत्येकाच्या मागे वहीला घालतो तो खाकी कागद चिकटवला. बावन्नपत्तीचे दोन्ही कॅट मी स्वतः चुलीत टाकले. आता त्या डेकच्या पोटात शंभर शुभविवाह आहेत आणि पाठीवर खाकी.

मग ते खेळले, आणि मी पाहत बसलो. चौघांचा डाव पाहण्यासारखा असतो. दोघांच्या खेळात तुमचं नुकसान तो माझा फायदा. चौघांत तसं होत नाही. जो फार लवकर मोठा होतो त्याच्यावर बाकी तिघं वळतात. ज्याला दुबळा समजून सोडलं तो मागून वाढतो. कोणाला मदत केली, कोणाचा शब्द मोडला, हे टेबल लक्षात ठेवते. आपलं बाळापूर हे कधीचं जाणते. ऑगस्ट १७२० मध्ये इथेच निजाम-उल-मुल्क आणि आलम अली खान लढले. आलम अलीच्या मागे दिल्लीचे सय्यद बंधू होते, बाजूला मराठ्यांची फौज होती, आणि बादशहा दूर बसून पाहत होता. तोही दोघांचा डाव नव्हताच. निजामाने तो जिंकला, चार वर्षांनी साखरखेर्ड्याचा जिंकला, आणि दख्खनेत स्वतःचं राज्य उभं केलं.

ओसरीवरच्या डावात माझा पोरगा पुढे गेला होता. निळा-काळा, चलाख, पुढ्यात तीन मोठे प्राणी. लाल-पांढरा मरणाच्या दारात. चौथ्याकडे चार वावरं, एमारा आणि दोन सरक्या. त्याने हिशेबाची घटका काढली. तिला सात लागतात. चार वावरं आडवी केली, दोन सरक्या डावीकडे सरकवल्या, सहा झाले. सातवा वाटा म्हणून एमारा आडवी केली. एमारा कामाला गेली म्हणून नियमाने आधी एक नवी सरकी आली, आणि मग पट साफ झाला. सगळे मोठे गेले, एमाराही गेली. पटावर उरल्या तीन सरक्या. म्हणजे जाता जाता ती एक माणूस ठेवून गेली.

कोणी काही बोललं नाही. माझा पोरगा मग हळूच म्हणाला, "म्हणून ठेवला होता होय."

तो डाव तो जिंकला नाही. पट साफ केल्यावर बाकी दोघं त्याच्यावरच वळले. काळा-हिरवा जिंकला. पण दिवे लागणीला पंधरा मिनिटं बाकी होती, म्हणून त्यांनी शेंगदाणे खात पुढच्या डावाचं बोलून घेतलं. कोण किती जड डेक आणणार, कोणते पत्ते नकोत. हे बोलणं या खेळात खेळाइतकंच महत्त्वाचं. नियम करणारी एक छोटी हौशी समिती होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने काही फार ताकदवान आणि महाग पत्त्यांवर बंदी घातली. ज्यांचे पैसे त्यात अडकले होते त्यांच्यातल्या काहींनी समितीच्या लोकांना धमक्या दिल्या. आठवडाभरात समितीने कारभार कंपनीकडे सोपवला. तिकडेही असंच आहे तर. पंच कोणालाच नको असतात, आणि पंच गेले की मालक येतो.

काकाजींना ओसरीवरचे पत्ते दिसले. कारण ते ओसरीवर होते. मोबाईलवरची रमी कोणाला दिसते? जुलैमध्ये तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या हातातल्या मोबाईलवर सभागृहात रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. त्यांनी खेळत असल्याचं नाकारलं. ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याआधी किती वर्षं तो खेळ खिशात चालला, त्यात कोणाची कपाशी गेली, त्यांची नावं-वयं काही मी छापली नाहीत. मी छापली झाडाखालच्यांची. ते सोपे होते.

पोरगा पुण्याला परत गेला. डेक चौथ्याकडे आहे.

मी सात वर्षांपूर्वीच्या त्या सात जणांच्या सुटकेची बातमी लिहिली. कोर्टातून निकालाची नक्कल काढली, खात्री केली, आणि चार ओळी पाठवल्या. वरून निरोप आला, जुनी आहे, आता कोण वाचणार. बरोबरच आहे त्यांचं. बातमी जुनी झाली, ती माझ्यामुळे झाली.

आणि एक ठरवलं. छाप्याच्या बातमीत, निकाल लागेपर्यंत, नाव टाकणार नाही. आकडा टाकीन, ठिकाण टाकीन. तालुक्यातल्या माझ्या पत्रकार मित्रांनाही हात जोडून सांगतो, करून पाहा. वाचक कमी होत नाही.

पेपरात जागा मिळाली नाही, म्हणून ती बातमी इथे देतोय. नावं तेव्हा छापली होती, आज छापणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पारावर कोणी मोठ्याने वाचली तर बरं होईल.

बाळापूर, ता. प्र. : सात वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तालुक्यातल्या एका गावात जुगाराच्या छाप्यात पकडलेल्या सातही जणांची न्यायालयाने निर्दोष सुटका केली आहे. छाप्याची बातमी या प्रतिनिधीने तेव्हा नावांसह दिली होती. सुटकेची बातमी द्यायची राहून गेली होती.